जावा बेटावरची चूल

तात्या, काल पाडवा झाला, आणि काल तुम्ही समोर असता तर मी तुमच्याशी कडाकडा भांडले असते. तुम्हाला जाऊन तप उलटलं. गेलेल्या माणसाशी भांडू नये हे मलाही कळतं, पण जिवंतपणी तुमच्याशी भांडायची सोय कुठे होती? तुम्ही नुसती चष्म्यावरून नजर टाकलीत की माझे शब्द घशातल्या घशात राहायचे. आज मी शिकवते त्या मुलींच्या शाळेला सुट्टी आहे. दादा सकाळच्या गाडीने ठाण्याला कचेरीत गेला आहे, त्याची छोटी झोळीत निजली आहे, दुपार मोकळी आहे. तेव्हा आज मी बोलणार आणि तुम्ही ऐकणार.

गावाला तुम्ही लावलेली सवय अजून तशीच आहे, हे आधी सांगते, म्हणजे तुमचा जीव सुखावेल आणि मला पुढे भांडायला बरं पडेल. पाडव्याच्या सकाळी लोक देवळात जोशीबुवांकडून नव्या वर्षाचं फळ ऐकतात. यंदा राजा कोण, मंत्री कोण, पाऊस कसा, धान्य कसं. तिथून कडुनिंब चघळत सगळे आपल्या अंगणात येतात. कारण फार वर्षांपूर्वी एका पाडव्याला तुम्ही ओसरीवर उभे राहून म्हणाला होतात, "होणार काय ते जोशीबुवांनी सांगितलं, आता झालं काय ते माझ्याकडून ऐका." आणि वर्षभराच्या वर्तमानपत्रांतून वेचलेलं जग तुम्ही त्यांच्यापुढे मांडलंत. कुठे राजा पळून गेला, कुठे वाळवंट खणून आगबोटींना वाट केली, कुठे डोंगर पोखरून आगगाडी नेली. खाडीकाठचे आगरी, पारनाक्यावरचे वाणी, आळीतल्या बायका, सगळे देहभान विसरून ऐकायचे. मी तुमच्या पायाशी बसलेली असायचे आणि मला वाटायचं, आपले तात्या म्हणजे साऱ्या जगाचे कुलकर्णी.

तुमचा नियम एकच होता. छापलेलं असेल तेवढंच वाचायचं. त्याला कारण होतं, ते मी नाकबूल करत नाही. आगगाडीच्या पुलाखाली पोरं पुरतात, इस्पितळात माणसांचं तेल काढतात, असलं काहीबाही बाजारात रोज उठायचं आणि तुम्ही एकटे त्याच्याशी झुंजत होतात. छापील अक्षरामागे कोणीतरी उभं असतं, हवेत सोडलेल्या बातमीमागे कोणी नसतं, असं तुम्ही म्हणायचात. ठीक. पण फ्रेंचांचा बादशहा जर्मनांच्या हाती लागला ते वर्ष आठवा. तुम्ही ती लढाई इतकी रंगवून सांगितलीत की वाण्यांनी तागड्या खाली ठेवाव्या. त्याच पावसाळ्यात ठाकुर्लीच्या बाजूचा, खाडीचं पाणी अडवणारा खारीचा बांध उधाणाला फुटला होता. भातशेती तर गेलीच, पण बांधावरच्या दोन-तीन झोपड्याही पाण्याने नेल्या. तुमचं वाचन संपतंय तोच मागून एक तरणी आगरीण उठून उभी राहिली. लुगडं गुडघ्याशी आवळलेलं, डोक्यावरची चुंबळ अजून तशीच.

"मास्तर," ती म्हणाली, "आमचा बांद फुटला. माजी दोन पोरां गेली. त्या कवा वाचाल?"

"बाई, फार वाईट झालं," तुम्ही म्हणालात. "पण ते छापून आलेलं नाही."

"छापला नाय म्हंजे झालाच नाय का?"

लोक हसले. कोणी वाईट मनाने हसलं नसेल, पण हसले. आणि तुम्ही, वर्गात समजवायचात त्याच आवाजात म्हणालात, "आपलं घर म्हणजे जग नव्हे, बाई." ती खाली बसली. मी लहान होते, तरी मला तिच्या बसण्याची लाज वाटली. ती बाई अजून आहे. पार म्हातारी झाली आहे. दर पाडव्याला ठाकुर्लीहून चालत येते, मागे तिथेच बसते, आणि शेवटपर्यंत ऐकून निघून जाते. कशाची वाट बघत ती इतकी वर्षं बसत आली, हे तुमच्या कधी मनात आलं का?

मग आई गेली. भाद्रपदातली सकाळ, ती चुलीपुढेच कोसळली. तिला माजघरात आणून निजवलं, दादा वैद्यांना आणायला धावला, मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले, आणि वैद्य येईपर्यंत काही उरलं नव्हतं. मला विधवा होऊन परत येऊन वर्षही झालं नव्हतं. तिच्या आडोशाने दिवस काढत होते मी. पुढे कितीतरी संध्याकाळी आभाळ चमत्कारिक तांबडं होत असे. सूर्य बुडाला तरी पश्चिमेला वणवा लागल्यासारखं दिसायचं आणि माणसं अंगणात येऊन बघत राहायची. तुमच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरला होता, म्हणून वर्तमानपत्र मी वाचून दाखवायची. जावा बेटाजवळ डोंगर फुटला, समुद्र उठून गावांवर गेला, त्याचीच राख आभाळात आहे, हे तुम्हाला मीच वाचून दाखवलं. तुम्ही ते पुन्हा पुन्हा वाचायला लावलंत. माझा घसा बसला तरी, "अगं, ते समुद्राचं परत वाच," असं चाललेलं.

पाडवा आला. घरात वर्षाच्या आत मृत्यू झालेला, म्हणून आपल्या दारी गुढी नव्हती. मी मनात म्हटलं, आज तरी हे आईचं नाव घेतील. एक शब्द. मास्तरांची बायको यंदा गेली, एवढंच. गावातल्या अर्ध्या बायकांची बाळंतपणं तिने केली होती. तुम्ही उभे राहिलात आणि जावा बेट सुरू केलंत. काय तो आवाज तुमचा! डोंगर, राख, पाणी, आणि मग तुम्ही थांबून म्हणालात, "तिथे एका घरात चुलीवर भात शिजत राहिला, आणि उतरवायला माणूस राहिलं नाही." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. कारण ते वाक्य छापलेलं नव्हतं, तात्या! प्रत्येक ओळ मी वाचली होती, मला ती पाठ होती, तिच्यात भात नव्हता, चूल नव्हती. त्या आगरणीची दोन मुलं तुम्हाला नियमात बसवता आली नाहीत. जावा बेटावरच्या कुठल्याशा बाईसाठी तुम्ही नियम मोडून पदरचं रचून सांगितलंत. आणि जिच्या हातचं जन्मभर जेवलात तिच्यासाठी तुमच्यापाशी एक शब्द नव्हता. ही माझी जुनी तक्रार. ती काल उफाळून वर आली, ती का ते आता सांगते.

तुमच्यामागे दादाने वाचायला नकार दिला. सरकारी नोकरी, उगाच चारचौघांत बोलणं नको म्हणाला. तेव्हा लोकच म्हणाले, मास्तरांची मुलगी वाचेल, तिच्याच तोंडून मास्तर ऐकत होते. बाईमाणसाने पुरुषांपुढे वाचायचं म्हणून जोशीबुवांनी नाक मुरडलं, पण मी ओसरीवर बसून वाचते, उभी राहत नाही, एवढ्यावर त्यांनी समाधान करून घेतलं. आणि तुमचा नियम मी पाळला. चिडून का होईना, पाळला.

वहिनीला तुम्ही पाहिलं नाहीत. तुमच्यामागे या घरात आली, ठाण्याची. आली तेव्हा एवढीशी होती. मला "वन्सं" म्हणायची आणि माझ्यामागे मांजरीसारखी फिरायची. मीच तिला अक्षरं शिकवली. लग्नात माहेराहून तिला हिरवं जरीकाठी लुगडं आलं होतं. तसलं लुगडं आपल्या आळीत दुसऱ्या कोणाकडे नव्हतं, आणि तिच्याच्याने नाही म्हणवत नसे, त्यामुळे आळीत जिला दिवस जात तिच्या डोहाळजेवणाला ते लुगडं जायचं. धुऊन घडी घालून परत यायचं आणि पुन्हा कोणीतरी मागायला हजर. मी रागवायची, "अगं, तुझं लुगडं आहे की देवळातली घंटा?" ती हसायची. "वन्सं, लुगड्याला तरी किती पोरं झाली बघा!" तिला स्वतःला बऱ्याच वर्षांनी दिवस गेले. मग ही छोटी झाली.

गेल्या पाडव्यानंतरची गोष्ट. मुंबईचा प्लेग आपल्याकडे येऊन बसला होता. कल्याण स्टेशनावर उतरणाऱ्या प्रत्येकाला दोरीच्या आत उभं करून तपासत होते. वहिनीची आई ठाण्याला आजारी पडली. साथीत तान्हं मूल न्यायला नको म्हणून छोटीला माझ्याजवळ ठेवून ती गेली. संध्याकाळी परत यायची, ती आईचं जास्त झालं म्हणून राहिली. इकडे मी शेळीच्या दुधावर छोटीला कसंबसं धरलं. तिकडे काय झालं असेल ते कोणत्याही बाईला सांगावं लागणार नाही. दूध दाटलं, काखेत गाठ आली, अंगात ताप भरला. दादा कचेरी सुटल्यावर तिला गाडीने घेऊन आला. स्टेशनावर त्या दिवशी तपासायला बाई नव्हती. प्लेगची गाठ शोधत गोऱ्या डॉक्टराने काखेत बोटं दाबली, ती कळवळली, आणि त्याने हात केला, हिला बाजूला घ्या.

तात्या, तिथे एक शब्द बोलायचा होता. दूध. दुभाषा होता, शिपाई होते, दोरीच्या अलीकडे दादा होता. पण परपुरुषांपुढे ती काय सांगणार, आणि कसं सांगणार? पदर दातांत धरून तिने दादाकडे पाहिलं. आणि दादा, इंग्रजी फडाफडा लिहिणारा तुमचा मुलगा, साहेबापुढे आणि आळीतल्या चार ओळखीच्या लोकांपुढे स्वतःच्या बायकोबद्दल तो शब्द उच्चारू शकला नाही. तिला गाडीत घालून पलीकडच्या माळावर छावणीत नेलं. खऱ्या प्लेगच्या बायकांमध्ये.

मी रोज छोटीला घेऊन कुंपणाशी जात होते. आत सोडत नव्हते. पोर रडायची, आणि लांबच्या झोपडीच्या दारात ती येऊन उभी राहायची. तिची चोळी भिजलेली मला कुंपणाबाहेरून दिसायची. मी पहाऱ्यावरच्या शिपायाला सांगितलं, एका हिंदी डॉक्टराला सांगितलं, हात जोडले, ओरडले. डॉक्टर म्हणाला, "बाई, कागदावर गाठ लिहिली आहे." मग तिला खरोखरच साथ लागली. आठवडा सरायच्या आत ती गेली. नंतर ते लोक घरी आले, कौलं काढली, भिंतींना चुना मारला, आणि तिची वस्त्रं, अंथरूण, छोटीची दुपटी, सगळं अंगणात घालून पेटवलं. त्या राखेचा डाग अजून जमिनीवर आहे.

आणि थोड्याच दिवसांत राणीसाहेबांच्या राज्याला साठ वर्षं झाल्याचा उत्सव! घरोघर दिवे लावा, असं फर्मान. माझ्या शाळेतल्या मुलींना गाणं म्हणायला उभं केलं आणि हातावर बत्तासे ठेवले. तीनजणी कमी होत्या त्या रांगेत. दादाने आपल्या कट्ट्यावर पणत्या मांडल्या आणि पेटवल्या, अंगणातल्या त्या काळ्या डागाच्या समोर. मी दार लावून घेतलं. त्याच्याशी कितीतरी दिवस बोलले नाही.

वर्तमानपत्रं येतच होती. हे वर्ष तुम्हाला आवडलं असतं, तात्या. तुर्कांनी ग्रीकांना मागे रेटलं. आसामात धरणी हलून डोंगर खचले. वऱ्हाडापासून उत्तरेपर्यंत दुष्काळ. कुठे बर्फात सोनं सापडलं म्हणून माणसं वेडी होऊन धावली. तारेवाचून तार पाठवायची युक्ती निघाली. तिघेजण फुग्याला टोपली बांधून उत्तर ध्रुवाकडे उडाले, ते अजून परत नाहीत. पुण्यात खून झाले, खटले झाले, लिहिणारे तुरुंगात गेले. आणि आपल्या गावाचं? कल्याणची साथ ओसरत चालली आहे, अशी एक ओळ. तीही एका कोपऱ्यात, औषधाच्या जाहिरातीच्या वर.

परवा आळीतले वकील आले. प्लेगच्या कमिटीवर बसतात. छडी टेकून ओसरीवर बसले, चहा घेतला, आणि म्हणाले, "पाडव्याला ठाण्याचे साहेब घोड्यावरून गाव बघणार आहेत. घराघरावर गुढी दिसू दे. गाव सावरलंय असं दिसलं की छावणी उठेल."

"या आळीत किती घरांना वर्ष व्हायचंय, माहीत आहे ना तुम्हाला?" मी विचारलं.

"अडचणीच्या वेळी शास्त्र थोडं वाकवावं लागतं, बाई. आणि हो, वाचनात ते छावणीबिवणीचं काही नको हं. दिवस वाईट आहेत." मग हसून पुढे, "तसा तुमच्या वडिलांचाच नियम आहे म्हणा. छापलेलं असेल तेवढंच."

तुमचा नियम, तात्या! त्या माणसाच्या तोंडात! तुम्ही अफवांसाठी बांधलेलं कुंपण आता आमच्याभोवती घातलं गेलं होतं. मी काही बोलणार एवढ्यात दादा आतून आला आणि शांतपणे म्हणाला, "आमच्याकडे गुढी उभी राहील."

वकील गेल्यावर मी त्याला अंगणात गाठलं. "दादा, अजून वर्ष व्हायचंय तिला."

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे आणि गुढी उभारणार? पणत्या लावल्यास तेव्हा गप्प बसले. आता कशाचा आनंद झालाय तुला?"

"ओरडू नकोस गं. उभारणार म्हणालो ना." त्याने मान वर केली नाही. "तू तुझं वाच. मला माझं करू दे."

तेव्हा मी ठरवलं की काय वाटेल ते होवो, उद्या वहिनीचं वाचायचं. ती काय झालं म्हणून गेली ते सगळ्या गावापुढे सांगायचं. आणि दादाच्या त्या गुढीकडे ढुंकूनही बघायचं नाही.

पाडव्याला सकाळी मी स्वयंपाकघरातून हलले नाही. बाहेर काठी आपटल्याचा, दोरी ओढल्याचा आवाज येत होता. नैवेद्याचा भात चुलीवर चढवला तोवर अंगण भरलं, माझी हाक आली. मी ओसरीवर जाऊन नेहमीच्या जागी बसले. गुढी माझ्या डोक्यावर, वळचणीच्या बाहेर. मला दिसायचं कारण नव्हतं. वकील पुढे खुर्ची टाकून बसले होते. मागे ती ठाकुर्लीची म्हातारी.

मी वाचायला लागले. तुर्क आणि ग्रीक झाले. दुष्काळ झाला. बायका माझ्याकडे बघतच नव्हत्या. माझ्या डोक्यावरून वर कुठेतरी बघत होत्या आणि दोघीतिघींचे डोळे भरले होते. मला वाटलं, साहेबाच्या घोड्याची वाट बघतात की काय! संतापाने माझा आवाज चढला. मी आसामचा भूकंप घेतला. घरं पडली, रस्ते दुभंगले, नद्यांनी पात्रं सोडली. "आणि तिथे एक तान्हं मूल," मी म्हटलं, "आईच्या दुधासाठी रडत राहिलं, आणि आईला त्याचं रडणं ऐकू येत होतं." पुढचं पान हातात होतं, अक्षरं दिसत होती, शब्द फुटेना.

वकिलांनी घसा खाकरला. तेवढ्यात मागून ती म्हातारी म्हणाली, "बाय, खाली ये. वर बग जरा."

मी ओसरी उतरून अंगणात आले, वळले, आणि वर पाहिलं. काठीवर तांब्या पालथा होता, कडुनिंबाची डहाळी होती, साखरेची गाठी होती. आणि काठीला नवं वस्त्र नव्हतं. वहिनीचं हिरवं जरीकाठी लुगडं होतं ते. घरातलं सगळं जाळलं तेव्हा ते शेजारी कोणाकडे तरी डोहाळजेवणाला गेलेलं असणार. शेजारणीने मागाहून गुपचूप आणून दादाला दिलं असणार, आणि दादाने ते इतके दिवस जपलं होतं. वाऱ्यावर त्याचा पदर सुटून फडफडत होता. अंगणात बसलेल्या बायकांमध्ये ते लुगडं न नेसलेली एक शोधून सापडली नसती. त्यांना कोणी काही वाचून दाखवायची गरज नव्हती. खांबाला टेकून दादा उभा होता, त्याचा चेहरा मला बघवेना.

तिथेच, जमिनीवरच्या त्या काळ्या डागावर उभी राहून मी बोलले. आयुष्यात पहिल्यांदा उभी राहून. "आमच्या वहिनीला गाठीचा ताप नव्हता," मी म्हटलं. "तिच्या अंगावर दूध दाटलं होतं. मूल घरी होतं म्हणून दूध दाटलं होतं. तेवढं सांगायची तिला लाज वाटली आणि आपण कोणी सांगितलं नाही. निरोगी बाई नेऊन त्यांनी मारली." आणि मी तिचं नाव घेतलं, माहेरचं आणि सासरचं. पुरुषांनी माना खाली घातल्या. दादा एकदम हुंदका देऊन म्हणाला, "दूध होतं. मी सांगायला हवं होतं." सगळ्यांदेखत.

वकील उठले. "बाई, हे कुठे छापून आलंय?"

"कुठेच नाही," मी म्हटलं. "म्हणूनच वाचतेय."

ते छडी घेऊन चालू लागले. त्यांच्या पाठीमागे म्हातारी उठली, कमरेवर हात देत. "आता माजा," ती म्हणाली. इतक्या वर्षांनी तिने आपल्या दोन्ही पोरांची नावं घेतली, कोण थोरलं, कोण धाकटं, धाकट्याच्या पायात काय होतं. यावेळी कोणी हसलं नाही. मग आळीतल्या रंगाऱ्याने साथीत गेलेल्या आपल्या बापाचं सांगितलं. मग दुसरं कोणी. साहेब दुपारी आले म्हणे, पारनाक्यावरूनच वळले. आपल्या आळीत त्यांचं घोडं शिरलंच नाही!

आता शेवटचं, आणि हेच सांगायला मुळात लिहायला बसले. या सगळ्यात चुलीवरचा भात मी विसरले होते. आत गेले तर घरभर करपल्याचा वास. संध्याकाळी दादाने गुढी उतरवली, लुगड्याची घडी घालून माझ्याकडे दिली, आणि मी पातेलं घेऊन विहिरीपाशी बसले. राख आणि काथ्या घेऊन बूड खरवडता खरवडता मला आई गेली तो दिवस आठवला. त्या दिवशीही घरात असाच वास होता. तिने भात चढवलेला होता. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन माजघरात होते, दादा वैद्यांकडे गेला होता. मग तो भात उतरवला कोणी? दुसऱ्या दिवशी ते पातेलं लख्ख घासून पालथं घातलेलं होतं. मी इतकी वर्षं समजत आले की शेजारणीने घासलं. पण शेजारणी आल्या त्या संध्याकाळी आल्या, आणि सुतकाच्या घरातल्या भांड्याला त्यांनी हात लावला नव्हता. स्वयंपाकघरात तेव्हा तुम्हीच होतात, तात्या. डोळ्यांना नीट दिसत नसताना, जन्मात कधी भांडं न घासलेले तुम्ही, करपलेलं पातेलं घासत बसला होतात.

म्हणजे जावा बेटावरची ती चूल आपली होती.

माझा राग गेलेला नाही. तुम्ही सरळ सांगायला हवं होतंत. तुम्ही सांगितलं असतंत तर दादाही स्टेशनावर बोलायला शिकला असता, असं मला वाटतं आणि वाटत राहणार. त्या म्हातारीला तुम्ही खाली बसवलंत हेही मी विसरणार नाही. छोटी उठली आहे, माझ्या हातातला टाक ओढते आहे. हा कागद मी लुगड्याच्या घडीत ठेवते. पुढची कोणी लुगडं मागायला येईल तेव्हा काढून घेईन. एवढंच कबूल करते, की भूकंपाच्या बातमीत तान्हं मूल नव्हतं, तात्या. ते मी घातलं.